गेणूचा पासपोर्ट

१

सिसिलीला जायचं ठरलं ते दत्तोबा गुरुजींच्या हट्टापायी. द्राक्षबागायतदार मंडळाची माणसं दरवर्षी ऑक्टोबरच्या छाटणीआधीची सवड गाठून कुठंतरी अभ्यास दौऱ्याला जायची. अभ्यास नावाला, हिंडणं पोटभर. नाशिक झालं, सांगली झाली, बंगलोर झालं. सत्त्याण्णव साली मंडळाचा हिशेब बघणारे हे गुरुजी शाळेतून निवृत्त झाले आणि त्यांनी मंडळाच्या बारामतीच्या ऑफिसात भिंतीवर युरोपचा जुना नकाशा ठोकला. उभा जन्म भूगोल शिकवण्यात गेला, पण माणसानं कधी समुद्र ओलांडला नव्हता.

"इटलीच्या पायाशी हे बेट बघा," छडी टेकवून ते म्हणाले. "अडीच हजार वर्षांची देवळं, खांब अजून उभे आहेत. द्राक्षं आहेत, लिंबाच्या बागा आहेत, धुमसणारा डोंगर आहे. बारा दिवसांत सगळं बसतंय."

"बुटानं लाथाडलेला धोंडा दिसतोय की वो त्यो," मंडळातला जयवंता म्हणाला. "तेवढ्यासाठी इमानानं जायचं व्हय?"

सगळे खिदळले. झुंबर तेवढा हसला नाही. कळस आणि वरकुट्याच्या मधल्या वस्तीवरचा हा माणूस, एक्कावन्न वर्षांचा, अबोल. चार शब्दांत भागत असेल तर पाचवा तोंडातून काढायचा नाही. पण त्या दिवशी पहिला हात त्याचा वर गेला. "दोघं," तो म्हणाला. "मी अन् सारजा."

सारजा त्याची बायको. लग्नाला तीस वर्षं झाली, आणि ह्या बाबानं तिला जेजुरी-तुळजापूरच्या पलीकडं काही दाखवलं नव्हतं. मागं एकदा वरून विमान गेलं तेव्हा ती शेतातलं तण भांगलता भांगलता म्हणाली होती, "ह्येच्यात बसून माणसं कशी जात्यात वो, भ्या न्हाय वाटत?" तेव्हा तो नुसता हुं म्हणाला होता. त्या हुंची त्याला आत कुठंतरी लाज वाटायची. सारजाच्या शेजारी विमानात बसायचं, तिला ते खांब न् तो डोंगर दाखवायचा, एवढंच त्याला पाहिजे होतं.

२

आता कागदाची गोष्ट. झुंबर हे नाव वस्तीवरचं, हाकेचं. कागदावर तो गेणू होता.

त्याच्या घरची मेंढरं होती त्या काळातली हकिकत. थोरला भाऊ गेणू एक वर्षभर शाळेत गेला आणि सातव्या वर्षी कालव्यात बुडून मेला. दोन दिवसांनी सापडला, ओढ्याच्या काठाला पुरला. झुंबर तेव्हा दोन वर्षांचा. पुढं झुंबरला शाळेत घालायला बाप गेला तर त्या वेळच्या मास्तरांनी रजिस्टर उघडलं. गेणूचं नाव कुणी कमी केलं नव्हतं. "नाव हायेच की," मास्तर म्हणाले, "परत नवं कशाला? ह्येच चालू ठेवू." बापाला तरी कुठं कळतंय. झाला झुंबरचा गेणू. जन्मतारीख एक जून एक्केचाळीस, म्हणजे कागदावर तो पाच वर्षांनी म्हातारा. सातबारा, बँक, कारखान्याचा शेअर, सगळीकडं गेणू. पन्नाशी गाठली तरी कुणाचं काही अडलं नव्हतं. असली गंमत तिकडं घरटी एक तरी सापडते.

पासपोर्टचा फॉर्म भरायला गुरुजी वस्तीवर आले तेव्हा झुंबर बागेत औषध मारत होता. ओसरीवर त्याची थोरली बहीण मुक्ताबाई शेंगा फोडत बसली होती. नवरा गेल्यापासून ती भावाकडंच असायची. गुरुजींनी दाखल्यावरून सगळं उतरून घेतलं आणि एका रकान्यापाशी थांबले.

"अक्का, गेणूच्या अंगावर एखादी खूण हाय का, वरनं दिसणारी?"

"हाय की," मुक्ताबाई शेंगा फोडता फोडता म्हणाली. "डाव्या भुवईवर. एडक्यानं शिंग मारल्यालं."

गुरुजींनी लिहून घेतलं, चहा घेतला आणि फटफटीला किक मारून गेले.

३

जूनमध्ये पासपोर्ट आले. गुरुजींनी ऑफिसात एकेकाला वाचून दाखवले, कारण मजकूर सगळा इंग्रजीत. झुंबरचा वाचताना म्हणाले, "आणि खूण, डाव्या भुवईवर व्रण."

झुंबरचा हात आपोआप भुवईवर गेला. भुवई गुळगुळीत.

घरी येऊन त्यानं मुक्ताबाईला विचारलं. ती जराही गडबडली नाही. "मास्तरानं गेणूची खूण इचारली. मी गेणूची सांगिटली."

"अगं पण पासपोट माझा हाय की अक्का!"

"नाव कुणाचं हाय त्येच्यावर?"

झुंबरला हसूच आलं. अक्काचं वय झालंय, म्हणाला. गुरुजींना फोन केला तर तेही म्हणाले, "कोण बघतंय हो भुवया! शिक्का मारतात आणि सोडतात. आता दुरुस्तीला घातला तर सहल बुडेल." सहल बुडेल म्हटल्यावर झुंबरनं फोन ठेवून दिला.

सारजानं मात्र तो पासपोर्ट हातात घेऊन पदरानं पुसला, उजेडात धरला. "फोटू झ्याक आलाय बाई," ती म्हणाली. "हासल्यावानी दिसताय. असं हासत का न्हाय कधी?"

झुंबरनं फोटो पाहिला. बारामतीच्या स्टुडिओत काढताना तो हसल्याचं त्याला आठवत नव्हतं. आणि डाव्या भुवईत केसासारखी एक पांढरी रेघ होती. छापताना काहीतरी राहिलं असेल, असं म्हणून त्यानं तो ट्रंकेत ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढून बघितला. रेघ होतीच.

४

विमानात गारठा असतो असं कुणीतरी सांगितलं म्हणून सगळ्यांनी कोट शिवायला टाकले. आयुष्यात कोट न घातलेली माणसं, बारामतीच्या टेलरकडं नुसती जत्रा. झुंबर आपला कोट आणायला गेला आणि घालून बघतो तर बाह्या पंजावर आलेल्या, खांदे उतरलेले.

"मोठा झालाय," तो म्हणाला.

टेलर वैतागला. "आवो, तुमीच परवा येऊन वाढवून गेलाय न्हवं? दोन बोटं उंची, दोन बोटं भाया. मी म्हणलं बी, राव, पहिलं माप बरोबर हाय. तर तुमी म्हणलासा, न्हाय, मी थोराड हाय अंगानं."

"मी आलो हुतो?"

"मग कोण, तुमचा भाऊ?" टेलर हसून म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

परवा झुंबर इंदापूरला खतासाठी दिवसभर रांगेत उभा होता. त्यानं रस्ताभर डोकं लढवलं. वीसेक कोट, वीसेक मापं. एकाचं दुसऱ्याला लागलं असणार. टेलरला रोज शंभर तोंडं दिसतात, तो कुणाचं काय लक्षात ठेवणार? हिशेब जुळला, झुंबरला बरं वाटलं. तरी एस.टी.त बसल्यावर त्यानं कोटाची पिशवी मांडीवर घेतली नाही, खाली पायाशी ठेवली.

५

ऑगस्टमध्ये गुरुजींनी शेवटचा कार्यक्रम वाचून दाखवला. कुठल्या दिवशी कुठलं गाव, कुठल्या हॉटेलात कोण कुणाबरोबर. मधेच मान वर करून म्हणाले, "आणि गेणूरावांच्या म्हणण्याप्रमाणे एक दिवस डोंगरातलं मेंढपाळांचं गाव घेतलंय. तेवढ्यासाठी एक राजवाडा गाळला."

कागद आल्यापासून मंडळात सगळे त्याला गेणूरावच म्हणू लागले होते. यादीत तेच नाव, त्यात नवल काही नव्हतं. पण झुंबरनं मेंढपाळांच्या गावाचं अवाक्षर काढलं नव्हतं. त्याला मेंढराचं काय कौतुक? तो शाळेला लागला त्याच साली बापानं मेंढरांचं खांड विकून विहीर काढली होती.

"मी कवा म्हणलो?"

"घ्या!" जयवंता म्हणाला. "आवो, गेल्या बैठकीत निम्मा तास बोलत हुता तुमी. एडक्याची शिंगं, लोकर, रातच्याला मेंढरं कोंडायची वाघरं. आमी म्हणलं, ह्या माणसाला वाचा फुटली."

गेल्या बैठकीला झुंबर गेलाच नव्हता. बागेत ठिबकची नळी फुटली होती.

घरी आला तर सारजा ओसरीवर ताट घेऊन बसलेली, काट्यानं भाकरी टोचत होती. तिकडं हातानं खायची लाज वाटायला नको म्हणून सराव चालला होता. भाकरी काही काट्याला बधत नव्हती. ती हसत होती, अगदी डोळ्यांत पाणी येईस्तोवर. एवढी हसताना झुंबरनं तिला कधी बघितली नव्हती.

"काल तुमी सांगिटलं तसं धरतीया," ती म्हणाली, "पर निसाटतंयच की वो."

"काल?"

"येड पांघरू नगा. दुपारभर बसला हुता न्हवं हितं. काय बोलत हुता, काय बोलत हुता! मेंढरामागं हिंडताना पावसात घोंगडी कशी धरायची ते सुदिक सांगिटलं. तीस वर्सांत एवढं कधी बोलला न्हाय माझ्याशी." ती जरा थांबली, आणि लाजून ताटाकडं बघत म्हणाली, "लई बरं वाटलं."

काल दुपारी झुंबर काटेवाडीला कलमं बघायला गेला होता. हे तो सांगणार होता. पण तिचा चेहरा बघून त्यानं पायताण काढून कोपऱ्यात लावलं. तीस वर्षं आपण जे दिलं नाही ते हिला कुणीतरी एका दुपारी देऊन गेलं. भीती वाटायला पाहिजे होती. पहिल्यांदा वाटला तो मत्सर, आणि भीती त्याच्या मागून आली.

६

तो शाळेत गेला. वस्तीवरची तीच एका खोलीची शाळा, आता हेडमास्तर नवे, तरणे. त्यानं सगळं सांगितलं, म्हणजे जे सांगण्यासारखं होतं ते. दाखला चुकला आहे, मी गेणू नाही, मी झुंबर, मला नाव बदलून पाहिजे. मास्तर भला माणूस. त्यानं कपाटातून कसर लागलेलं रजिस्टर काढलं, धूळ झटकली.

"गेणू सापडला," तो बोट फिरवत म्हणाला. "दाखल सत्तेचाळीस. सोडलं एकोणसाठ. पास होत गेलाय की. झुंबर नावाचा कोणी नाही, आबा."

"मीच त्यो. बावन्न सालात शाळेत बसलो."

"बावन्नचं पान बघितलं. नाही." मास्तरानं अदबीनं विचारलं, "झुंबर असल्याचा दुसरा काही कागद? जन्माची नोंद, रेशनकार्ड?"

रेशनकार्डावर गेणू. मतदार यादीत गेणू. लग्नाची पत्रिकासुद्धा मामानं छापलेली, ऐटीत शाळेतलं नाव टाकून. झुंबर बाकावर बसून राहिला. आपण जगल्याचा एक चिटोरासुद्धा आपल्या नावावर नाही, हे त्याला एक्कावन्नाव्या वर्षी कळलं.

"काळजी करू नका," मास्तर म्हणाला. "सहलीहून या, मग अ‍ॅफिडेव्हिट करू. कुणीतरी साक्षीदार लागेल. तुम्हाला झुंबर म्हणून ओळखणारं, घरचं."

जायचंच नाही, असं त्या संध्याकाळी झुंबरनं ठरवलं. सारजा बॅगेत शेंगदाण्याची चटणी बांधून ठेवत होती. तो म्हणाला, "न्हाय गेलं तर?" तिनं एकदम वर बघितलं. चेहरा असा पडला, की त्यानं लगेच हसण्यावारी नेलं. "चेष्टा केली," तो म्हणाला.

७

सप्टेंबरात निघायचा दिवस उगवला. सकाळी दहाला बस वस्तीच्या रस्त्याला येऊन उभी राहणार, तिथून मुंबईचं विमानतळ. झुंबर पहाटेच उठला होता. देवापुढं नारळ काढून ठेवला, बागेला चक्कर मारली, गड्याला पाण्याच्या पाळ्या सांगितल्या. येऊन आंघोळीला बसला तेव्हा साडेनऊ झाले होते. न्हाणीतून त्याला बाहेरची गडबड ऐकू येत होती. सारजाची लगबग, बॅगा ओढल्याचा आवाज, बसचा हॉर्न. मग सारजा कुणाला तरी म्हणाली, "चला, झालं का तुमचं?" आणि एक बाप्या मोकळेपणानं हसला.

झुंबरनं तांब्या टाकला. धोतर गुंडाळत खोलीत आला तर खुंटी मोकळी. कोट नव्हता. ट्रंक उघडी होती, पासपोर्टची पिशवी नव्हती. कोनाड्यातला आरसा मात्र त्यानं जाता जाता बघितला. का बघितला कुणास ठाऊक. स्वतःचंच तोंड होतं.

तो ओल्या अंगानं रस्त्याकडं पळाला. बस चालू झाली होती. दारात गुरुजी उभे राहून आत बोट करत माणसं मोजत होते. "एकवीस, बावीस. झाले सगळे! घ्या रे गाडी!" सारजा खिडकीला होती, नव्या पातळात, केसांत गजरा. तिच्या पलीकडं कोटाची एक बाही दिसत होती, आणि तिच्या हातावर ठेवलेला एक हात. रापलेला, पंजा थोराड. झुंबरनं हाक मारली. हाक घशातून निघाली तेव्हा त्याला कळलं, की सारजाचं नाव त्यानं असं मोठ्यानं कधी घेतलंच नव्हतं. तिनं वळून बघितलंसुद्धा नाही. धुरळा उडाला आणि बस वरकुट्याच्या वळणाला गेली.

रस्त्याच्या कडेला मुक्ताबाई ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती.

"अक्का," तो म्हणाला, "त्यो कोण हुता?"

मुक्ताबाईनं ताटातली वात फुंकली. "मी धा वर्साची हुते," ती म्हणाली. "आई म्हणली, गेणूकडं बघ. मी मेंढरांकडं बघत बसले." मग तिनं वातीची काजळी बोटानं पुसली. "पन्नास वर्सं त्येनं तुला आपलं नाव दिलं, झुंबर. शाळा त्येच्या नावावर, जमीन त्येच्या नावावर, बायकू त्येच्या नावावर. त्येनं काय मागितलं का कधी? बारा दिस दे की त्येला."

"अन् बारा दिसानं?"

"तू घरात जा. वल्या अंगानं उभा राहू नगं," ती म्हणाली.

८

झुंबर बागेतल्या खोपीत जाऊन राहिला. लोक हसतील, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. बायकोला एकटी विमानानं धाडून हा बाग राखत बसला म्हणतील. गड्याला त्यानं सुट्टी दिली. मुक्ताबाई दुपारी भाकरी आणून द्यायची आणि समोर बसून राहायची.

चौथ्या दिवशी तिनं सांगितलं, सारजाचा फोन आला होता. खांब बघितले, लई उंच. धुमसणारा डोंगर बघितला, धूर निघतोय. काट्यानं खायला जमायला लागलं.

सातव्या दिवशी पुन्हा फोन. डोंगरातल्या गावात गेले होते. तिथं मेंढरांचा कळप दिसला तर ह्यांनी कोट काढून सारजाकडं दिला आणि थेट कळपात शिरले. एक कोकरू खांद्यावर घेतलं. तिथला मेंढका आधी चिडला, मग दोघं एकमेकांच्या भाषेत तासभर बोलत बसले. सारजा फोनवर हसत होती, रडत होती. म्हणाली, अक्का, माणूस असा असतो हे मला ठावंच नव्हतं.

"तू तिला काय म्हणलीस?" झुंबरनं विचारलं.

"सुखात ऱ्हावा म्हणलं."

"माझं काय इचारलं का तिनं?"

मुक्ताबाईनं भाकरीचं फडकं झटकलं आणि घडी घालायला लागली. झुंबरला रडू फुटलं. त्यानं तोंड झाकलं नाही, तसाच बसून राहिला. सारजाला विमानात बसवायचं होतं. बसली. खांब दाखवायचे होते. दाखवले कुणीतरी. ती आली की आपण तिच्याशी बोलायचं, सगळं बोलायचं, जे तीस वर्षांत बोललो नाही ते, असं त्यानं ठरवलं. त्यानं मनातल्या मनात वाक्यं जुळवायलासुद्धा घेतली.

९

बाराव्या दिवशी दुपारी बस आली. झुंबर दाढी करून, धुतलेला सदरा घालून मुक्ताबाईच्या शेजारी उभा होता. वाक्यं पाठ होती.

माणसं खाली उतरायला लागली. जयवंताच्या डोक्यावर गवताची टोपी, गुरुजी उन्हानं तांबडे झालेले. कुणी झुंबरकडं बघितलं नाही, ज्याला त्याला आपल्या घराची घाई. मग सारजा उतरली. दहा वर्षांनी तरणी दिसत होती. बसच्या दारातून एका थोराड हातानं तिच्याकडं एकेक बॅग दिली, आणि ती प्रत्येक वेळी वर बघून काहीतरी म्हणत होती, हसत होती. आतला माणूस अजून उतरला नव्हता. काचेवर ऊन होतं, त्यामुळं आतलं काही दिसत नव्हतं.

सारजा लगबगीनं आली आणि मुक्ताबाईच्या पाया पडली. "अक्का, किती सांगू अन् किती नगं!"

झुंबर एक पाऊल पुढं झाला. पहिलं वाक्य त्याच्या ओठावर आलं होतं.

सारजानं मान वर केली आणि त्याला बघितलं. चटकन तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, परक्या बाप्यासमोर ओढतात तसा, आणि मुक्ताबाईच्या कानाशी लागून हळू आवाजात विचारलं, "पाव्हणं कुठलं वो, अक्का?"

मुक्ताबाईनं झुंबरकडं बघितलं. डोळे भरून बघितलं. मग बसच्या दाराकडं बघितलं.

"लांबचं हायती," ती म्हणाली. "जेवून जात्याल."